तेराव्या होलवरचा चेंडू

विलास, तू मला फसवलंस. तेराव्या होलवर डावीकडच्या उंच गवतात जो चेंडू सापडला, तो सापडलाच नव्हता. तू टाकला होतास. मी तो मारला, भोकाजवळच्या हिरवळीवर, ग्रीनवर, नेला, त्या दिवशीची गोल्फची स्पर्धा जिंकली आणि वर्षभर भेटेल त्याला त्या फटक्याची गोष्ट सांगत फिरलो. तुला माहीत होतं, कॉलिनला माहीत होतं. ज्याच्या पदरात तो डाव पडला त्या एकट्या मला माहीत नव्हतं.

हे मला तुझ्या अंत्यसंस्काराच्या दिवशी कळलं, क्रिमेटोरियमच्या कार पार्कमध्ये. पुढच्या कुटुंबाच्या गाड्या आत यायला लागल्या होत्या आणि आपली माणसं हळू आवाजात कोण कुणाच्या गाडीत बसणार ते ठरवत होती. कॉलिन केंटहून एकटा गाडी चालवत आला होता, काळा टाय लावून. मला वाटलं, काय सभ्य माणूस, एक दिवस आपल्याबरोबर खेळला आणि एवढ्या लांब आला. मी त्याचे आभार मानायला गेलो आणि उभ्या उभ्या उघडा पडलो.

गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी जिवंतांच्या बाबतीत कसली पथ्यं पाळली नाहीत, मग तुझ्यासाठी कशाला पाळू? चिडलोय मी. पण ते वरवरचं आहे. खाली लाज आहे, आणि लाजेचं काय करायचं असतं ते मला येत नाही. रागाचं काय करायचं ते मला चांगलं येतं.

आपली ओळखच माझ्या रागामुळे झाली. तू मिल्टन कीन्सहून माझ्या वॉटफर्डच्या गोदामात किचनच्या टाइल्स घ्यायला आला होतास. मी भाव सांगितला. तू "बरं" म्हणालास. मी थांबलो. तू पुढे काही बोलेनास. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक एक तर मूर्ख असतं नाहीतर समोरच्याला मूर्ख समजत असतं, असं माझं मत होतं. शेवटी मीच वैतागून भाव उतरवला. तेवढ्यात एक ड्रायव्हर फुटक्या पेट्या उतरवून सटकायला बघत होता. मी त्याच्यावर धावून गेलो, हातवारे करून, ओरडून सगळ्या पेट्या परत गाडीत चढवायला लावल्या. घाम पुसत आलो तर तू शांतपणे म्हणालास, "तुमचा खांदा मस्त फिरते हो. गोल्फ खेळता का?"

मी म्हटलं, "तो साहेबलोकांचा खेळ. मी गुडघ्यावर बसून लोकांच्या बाथरूमच्या फरश्या बसवत वर आलेला माणूस."

"मग वाकायची सवय असनच. अर्धं काम झालं."

पुढच्या शनिवारी तू मला ड्रायव्हिंग रेंजवर, फटक्यांच्या सरावाच्या जागी, नेलंस. बादलीभर चेंडू माझ्यासमोर ओतलेस आणि म्हणालास, ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घेऊन एकेक मार. बादली संपली, नावं उरली. तू दुसरी बादली घेऊन आलास. तुझ्याआधी माझ्या रागाला कुणी मोकळी जागा दिली नव्हती. लोक एक तर भांडायचे नाहीतर निघून जायचे. तू तिथल्या बाकावर बसून कॉफी प्यायलास आणि मधूनमधून "डोकं खाली, डोकं खाली" एवढंच म्हणत राहिलास.

गोल्फमधली एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली, ती म्हणजे सूट. कच्च्या खेळाडूला पक्क्यापेक्षा काही फटके जास्त मिळतात. आकडा आधीच ठरलेला असतो, पण मित्रामित्रांत पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, पुन्हा बोलणी होतात. माझा खेळ तिथेच सुरू व्हायचा. कंबर धरलीय, वारा आहे, नव्या काठ्या अजून हातात बसल्या नाहीत, मी काहीही काढायचो. तू ऐकून घ्यायचास. "घे बे, अजून एक घे. झालं समाधान?" मला वाटायचं, मी तुझ्याकडून फटका काढून घेतला. मी ज्याला जिंकणं म्हणायचो ते तू नुसतं देऊन टाकत होतास, हे कळायला मला तुझं जाणं लागलं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते अर्धवट राहिलं. एका रविवारी तुझा चेंडू बंकरमध्ये, त्या वाळूच्या खड्ड्यात पडला. मारायच्या आधी तुझी काठी वाळूला लागली, जी लागू द्यायची नसते. लागली म्हणजे चार कण हलले असतील. मी जवळच होतो, मला दिसलंही नाही. ग्रीनवर आल्यावर तू स्वतःहून दोन फटक्यांचा दंड लावून घेतलास आणि आपण दोघं मिळून खेळत होतो तो सामना थोडक्यात घालवलास. घरी येताना गाडीत मी तुला सोडलं नाही.

"कोणी बघितलं होतं?"

"मी पाहिलं ना."

"तुझ्याशिवाय?"

"काहून, मी पुरत नाही काय?"

"ज्या नियमावर कुणाची नजर नाही तो नियमच नाही, विलास. ती नुसती विनंती झाली."

"विनंतीच आहे. म्हणून तर मोडवत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. निदान मला तसं वाटत होतं. पण माझं घर आलं, तू बॅग उतरवून दिलीस आणि म्हणालास, पुढच्या खेपेला बोलू. पुढच्या खेपा पुष्कळ आल्या. मी ते उत्तर कधी दिलं नाही, आणि आता जे काही कळलंय त्यानंतर देण्यासारखं उत्तरच माझ्याकडे राहिलेलं नाही. तू वाळूचे चार कण हलले म्हणून स्वतःला दंड लावणारा माणूस. तुझ्या हातून चेंडू टाकून घेण्याइतका मी जड झालो होतो.

केंटच्या किनाऱ्यावरच्या त्या जुन्या क्लबने आपल्या मराठी गोल्फ मंडळींना एक दिवस पाहुणे म्हणून बोलवावं, यासाठी तू मंडळींचा कॅप्टन झाल्यापासून त्यांच्या मागे लागला होतास. कुणाची ओळख काढलीस, कुणाला फोन केलास, नकार आला तरी गोड बोलून पुन्हा विचारलंस. शेवटी आमंत्रण आलं तेव्हा ग्रुपवर तुझा मेसेज होता, "वेळेवर या, नीट कपडे घाला, आणि दिनकरला कोणीतरी नाश्ता देऊन आणा." सगळे माझ्यावर हसले. मीही हसलो.

आपण सगळे झाडं, तळी, मऊ हिरवळ असल्या बागेसारख्या कोर्सवर शिकलेले. समुद्रकाठचा तो लिंक्स कोर्स बघून आधी वाटलं, अजून बांधून व्हायचाय. एक झाड नाही. वाळूचे उंचवटे, त्यांच्यावर कमरेएवढं पिवळट गवत, तेही सगळं एकाच बाजूला निजलेलं. पायाखालची जमीन फरशीसारखी टणक. आणि वारा. बोललेलं वाक्य अर्धंच पोचायचं. ट्रॉलीला ब्रेक लावला तरी ती आपली आपण चालू लागायची. साउथहॅम्प्टनचा आपला जयंत, भूल देणारा एवढा मोठा डॉक्टर, त्याची टोपी पहिल्याच टीवर समुद्राकडे निघून गेली आणि तो तिच्याकडे नातेवाइकाला निरोप दिल्यासारखा बघत राहिला.

पण त्याही आधी, कार पार्कमध्येच, मी माझा रंग दाखवला होता. गाडीच्या मागच्या कडेला टेकून मी बूट बदलत होतो. क्लबचा एक माणूस आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, सर, इथे बूट लॉकर रूममध्ये बदलायची पद्धत आहे. मी म्हटलं, "ही पद्धत सगळ्यांना आहे की आमच्यासाठी काढलीत?" आवाज चढलेला. तो माणूस लालबुंद झाला. तिथे सगळ्यांनाच ती पद्धत होती, हे मला नंतर दिसलं. तिथले म्हातारे मेंबरसुद्धा बूट हातात घेऊन आत जात होते. तू मधे आलास, त्याची माफी मागितलीस आणि माझे बूट उचलून चालू लागलास. तू, कॅप्टन, माझे गोल्फचे बूट हातात धरून पुढे, आणि मी मोज्यांवर मागे. आत गेल्यावर तू बाकाखाली ते ठेवलेस आणि म्हणालास, "दिन्या, आजचा दिवस सांभाळ. एवढंच मागतो."

तू माझ्याकडे मागितलेली ती एकुलती एक गोष्ट. मी "हो, हो" म्हणालो.

कॉलिन आपल्या दोघांबरोबर खेळणार होता. निवृत्त शिक्षक, उंच, कमी बोलणारा, वाऱ्यात वाढलेला माणूस. पाहुण्यांबरोबर एक मेंबर असावा आणि त्याने त्यांच्या फटक्यांचं कार्ड लिहून सही करावी, अशी त्यांची रीत. माझं कार्ड त्याच्याकडे होतं. पहिल्या टीवर मी सवयीने वाऱ्याचं कारण काढून जास्तीची सूट मागितली. तो म्हणाला, "वारा तर सगळ्यांनाच आहे." तू हसू दाबलंस.

चौथ्या होलवर माझा चेंडू गवतात गेला. नियम असा की तीन मिनिटं शोधायचं, नाही सापडला तर मागे जाऊन दंडाचा फटका घेऊन पुन्हा मारायचं. कॉलिन घड्याळ बघून म्हणाला, वेळ झाली. मी म्हटलं, "इतक्यात? तुमचं घड्याळ जोरात पळतं वाटतं." त्याने बाही घड्याळावर ओढून घेतली. मग मी अजून बोललो. गवत तुमचं, घड्याळ तुमचं, नियम तुमचे, आम्ही फक्त चालायला आलोय का, असलं बरंच. तू मराठीत म्हणालास, "हळू बोल. आपले सगळे मागून येऊन राहिले." मी मराठीत म्हटलं, "येऊ देत. त्यांनाही कळू दे." कॉलिनला मराठी येत नाही, पण तेवढं कळायला भाषा लागत नाही.

मी पाय आपटत मागे गेलो. त्या वेळात तुला माझा चेंडू सापडला होता, हे कॉलिनने मला आता सांगितलं. वेळ संपून गेल्यावर सापडला, म्हणून त्याचा उपयोग नव्हता. तू तो मला नंतर द्यायला म्हणून खिशात ठेवलास. माझ्या प्रत्येक चेंडूवर मी लाल पेनने दोन ठिपके काढतो, कुणी अदलाबदल करू नये म्हणून. माझा हा अविश्वासच तुझ्या कामी आला.

त्यानंतर मी चांगला खेळलो. रागात माझा खेळ सुधारतो, हे तुला माहीतच आहे. बारा होल झाले तेव्हा आपल्या मंडळींत मी सगळ्यांच्या पुढे असणार, असा माझा हिशेब होता. तेराव्यावर वारा डावीकडून उजवीकडे होता, म्हणून मी मुद्दाम डावीकडे मारला, आणि नेमका वारा पडला. चेंडू सरळ त्या उंच गवतात. आपण तिघं शोधायला लागलो. मी गवतात काठी मारत होतो आणि मोठ्याने विचारत होतो, "यांनी घड्याळ लावलं का? बघ रे, लावलं का?" पुढे काय बोलायचं ते माझ्या तोंडात तयार होतं. ते फार वाईट होतं. ते मी इथे लिहीत नाही, पण ते चौथ्या होलसारखं नव्हतं. ते बोललो असतो तर आपल्या माणसांना त्या क्लबमध्ये पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

तेवढ्यात तुझा आवाज आला. "सापडला रे. इथं आहे."

आलो तर चेंडू गवताच्या झुबक्यावर छान बसलेला. दोन लाल ठिपके. मी म्हटलं, "देव आहे." तू म्हणालास, "मार." तुझा चेहरा वाऱ्याने लाल झालाय असं मला वाटलं.

बक्षीस म्हणून आपल्या मंडळींची तांब्याची कळशी असते. ती मला मिळाली. मी भाषण केलं. समुद्राचा वारा, परक्याचं मैदान आणि सांगली जिल्ह्यातला पोरगा, असलं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. परत येताना मोटरवेवर तू गप्प होतास. मी विचारलं, "जळतोस का काय?" तू म्हणालास, "पुढच्या सर्व्हिसेसला थांबून चहा घेऊ."

आठवडा गेला आणि ग्रुपवर तुझा मेसेज आला. वैयक्तिक कारणांमुळे कॅप्टनपद सोडतोय, काही दिवस खेळणार नाही. मी फोन केला. तू म्हणालास, "कंटाळा आला बे." पुन्हा केला. तू मीटिंगमध्ये होतास. नंतर नंतर तू उचलायचास, घरच्यांची चौकशी करायचास आणि ठेवून द्यायचास. मला हे लागलं. मी जिंकलो आणि तू खेळ सोडलास, याचा मी एकच अर्थ काढला. वर्षानुवर्षं मला सूट देणाऱ्याला माझं जिंकणं सोसलं नाही. हा डाग मी मनात घेऊन बसलो आणि रोज त्याला हात लावून बघत राहिलो.

आणि मग मी जे केलं ते. जयंताला फोन केला. तो आपल्या मागच्या ग्रुपमध्ये खेळत होता. विचारलं, "किनाऱ्यावर विलासचं काही झालं का रे? तुला काही दिसलं?" तो म्हणाला, "नाही बुवा. का हो?" मी म्हटलं, "काही नाही. पण माणूस उगाच कॅप्टनपद सोडत नाही." एवढंच. धंद्यात मी हेच करत आलोय. आकडा आपण बोलायचा नाही. समोरच्याला अंदाज बांधू द्यायचा, तो आपल्यापेक्षा वरचाच बांधतो. असे मी आणखी दोघातिघांना फोन केले.

दिवाळीच्या कार्यक्रमाला, वॉटफर्डच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये, जयंत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दिनकरराव, तिकडे चेंडूचं काहीतरी झालं म्हणे विलासचं. हलवला का काय." आणखी दोघं जवळ सरकले. मी नाही म्हणू शकत होतो. बंकरची गोष्ट सांगू शकत होतो. या माणसाने कुणी बघत नसताना स्वतःला दंड लावलाय, असं त्या सगळ्यांत फक्त मीच शपथेवर सांगू शकलो असतो. मी भुवया वर केल्या आणि म्हटलं, "मी काही बोलत नाही."

मागे वळलो तर तू फराळाच्या टेबलापाशी उभा होतास. हातात कागदी प्लेट. किती जवळ होतास, काय ऐकलंस, मला माहीत नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "दिन्या, चिवडा चांगला झाला आहे. घे." मी म्हटलं, नको, गोड खाल्लंय. आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं ते. मी तुझ्या हातचा चिवडासुद्धा घेतला नाही.

आता कार पार्क. कॉलिन माझा हात हातात घेऊन म्हणाला (इंग्रजीत, मी आपल्या भाषेत लिहितोय), "त्याने तुमच्यासाठी जे केलं, ते मी माझ्या मित्रासाठी केलं असतं की नाही, सांगता येत नाही."

"काय केलं?"

त्याने माझा हात सोडला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मग त्याला सांगावंच लागलं. त्याने तुझा हात खिशातून निघून गवतात गेलेला पाहिला होता. त्या संध्याकाळी, मी आत भाषण गाजवून फोटो काढून घेत होतो तेव्हा, त्याने तुला बाहेर विचारलं, कॅप्टन, तुम्हाला मला काही सांगायचं आहे का? तू त्याला काय पाहिलंत असं विचारलं नाहीस. वाऱ्यावर ढकललं नाहीस. "हो" म्हणालास. म्हणालास, मी कॅप्टनपद सोडतो, खेळणंही सोडतो, पण दिनकरला यातलं काही माहीत नाही, त्याने तो सरळ मनाने मारला. त्याला सांगू नका. कॉलिनने विचारलं, का केलंत असं? तू म्हणालास, "माझा मित्र आता काहीतरी बोलणार होता. नंतर त्याला ते फार दिवस छळलं असतं."

मी काय केलं असेल? मी कॉलिनवर ओरडलो. तुला आत ठेवून अजून तास झाला नव्हता. "मग तुम्ही तिथेच का नाही बोललात? कार्ड तुमच्या हातात होतं. सही तुमची आहे." आपली माणसं वळून बघायला लागली. कॉलिन म्हणाला, "बरोबर आहे. मी बोलायला हवं होतं. खरं सांगू का, चौथ्या होलनंतर मला तुमची भीती वाटत होती." आणि मग, "मी हे कुणाला सांगितलेलं नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा."

लोक मला टरकतात, ही मी आयुष्यभर माझी कमाई समजत आलो. वॉटफर्डमध्ये मला कुणी फुटका माल देत नाही, त्याचा मला अभिमान होता. त्या मैदानावर माझ्या दोन्ही बाजूंना दोन प्रामाणिक माणसं उभी होती आणि दोघांनीही माझ्या तोंडाला भिऊन आपली सचोटी खाली ठेवली. एकाने ती गवतात ठेवली, एकाने कार्डावर. त्यांपैकी एकाने त्याची किंमत मोजली, तीही एकट्याने, न सांगता. आणि मी वर त्याच्याबद्दलच वाटेल ते पसरवत बसलो.

तुमच्या घरी परत आल्यावर वहिनींनी मला किचनमध्ये बाजूला घेतलं. "भाऊजी, एक विचारू? हे शेवटी शेवटी मंडळींत जात नव्हते. कुणाचे फोनही येईनासे झाले. यांच्याबद्दल कुणी काही बोलत होतं का हो?"

कॉलिनशी बोलून मला तास-दीड तासही झाला नसेल. मी म्हटलं, "नाही वहिनी. कोण काय बोलणार?"

"मग खेळणं का सोडलं?"

"पाठ दुखते म्हणाला होता."

त्यांनी ओट्यावरचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. "मला कधी बोलले नाहीत पाठीचं," म्हणाल्या. विलास, तू हृदयविकाराने गेलास आणि आता त्या घरात एकट्या बसून तुझ्या नसलेल्या पाठदुखीचा विचार करत असतील. माझ्या लक्षात कसं आलं नाही, डॉक्टरकडे का नेलं नाही, असं स्वतःला विचारत असतील. हे ओझं मी त्यांना दिलं, तुझा फोटो बाहेरच्या खोलीत असताना.

तरीही माझी खोड बघ. घरी येऊन मी गुन्हेगार शोधायला बसलो. कॉलिनने कुणाला सांगितलं नाही, तू सांगणं शक्य नाही, मग चेंडू हलवल्याची ही बातमी निघाली कुठून? जयंताला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. तुला कोणी सांगितलं? नाव सांग. मी त्याला सोडणार नाही. जयंताने माझं ओरडणं संपू दिलं. मग म्हणाला, "दिनकरराव, तुम्हीच तर फोन केला होतात. मी चेंडू वगैरे आपला अंदाज केला. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणून मला ते खरं वाटलं."

मी फोन ठेवून दिला. तू असतास तर मी तुला फोन करून जयंताला शिव्या दिल्या असत्या, आणि तू "बरं, मग?" म्हणत ऐकून घेतलं असतंस.

तुझ्यावरचा माझा एक आरोप मात्र मी मागे घेत नाही. तू मला विचारायला हवं होतंस. फराळाच्या टेबलापाशी प्लेट खाली ठेवून, सगळ्यांसमोर, काय बोलून राहिला बे माझ्याबद्दल, एवढं म्हणायला हवं होतंस. मी भांडलो असतो. खूप भांडलो असतो. पण मला कळलं असतं, आणि तू असताना कळलं असतं. तू मला त्या गवतात वाचवलंस आणि मग वर्षभर वाचवतच राहिलास. मी न मागितलेली सूट देण्याचा तुला काय अधिकार होता? आणि आता तिची परतफेड मी कुणाकडे करू? तू उत्तर देत नाहीस, आणि हे तुझं नेहमीचंच आहे.

रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मंडळी क्लबहाऊसमध्ये तुझ्यासाठी जमणार आहेत. मी जवळचा मित्र म्हणून दोन शब्द बोलावेत, असं ठरलंय. मी वहिनींना घेऊन येणार आहे. दोन शब्द नाही, हे सगळं वाचणार आहे, पाठदुखीसकट. आपली माणसं सभ्य आहेत. वाचून झालं की कुणी माझ्या पाठीवर हात ठेवेल, कुणी म्हणेल आता बोलून काय उपयोग, आणि लोक खुर्च्या सरकवून उठायला लागतील. ते मी होऊ देणार नाही. जयंता, तू बसून राहायचं. वहिनी, तुम्हीही. विलासच्या नावाला हा डाग कोणी लावला, आणि तो आपल्यात होता तेव्हा एकदाही पुसायला का गेला नाही, हे मला सगळ्यांदेखत विचारा. आणि दोनदा विचारा, कारण पहिल्यांदा मी काहीतरी कारण काढीन.